मुका झालेला भोंडला

पाटावर हत्ती काढून झाला होता, मुली फेर धरून उभ्या होत्या आणि चंद्रावरच्या तळावरून कल्याणीआत्या पडद्यावर आली होती. तिथं मराठी बोलणारी ती एकटीच. वर्षभर ती याच संध्याकाळची वाट बघत होती. मैत्रेयीनं पहिलं गाणं सुरू केलं, तशी आत्यानं कानाला हात लावला.

"ओठ हलताहेत गं तुमचे. आवाज कुठाय?"

आवाज राखण्यानं अडवला होता. राखण्या म्हणजे घराघरांत सक्तीनं बसवलेला यंत्रमानव. घराबाहेर जाणारा प्रत्येक आवाज तो तपासायचा. "हे गाणं सप्तघोष कंपनीचं आहे," तो म्हणाला. "क्षमस्व."

"अरे, माझ्या पणजीची पणजी हे म्हणायची," मैत्रेयी म्हणाली.

"त्यांच्याकडे परवाना होता का?"

मैत्रेयी तणतणत तात्यांच्या खोलीत गेली. तिचे हे आजोबा ध्वनिशास्त्रज्ञ. गाण्यांच्या हक्कांच्या नव्या कायद्यावरच्या जाहीर सुनावणीत बोलायला ते सकाळपासून पडद्यासमोर बसले होते. तिथं अजून प्रास्ताविकच चालू होतं.

"असं बघ," तात्या म्हणाले. "तुझ्या आईनं नवं गाणं रचलं, तर त्यावर तिचा प्रताधिकार (नक्कल कोणी करावी हे ठरवायचा रचणाऱ्याचा हक्क). तो हवाच. नाहीतर उचलेगिरी करणारे गब्बर होतील आणि ती उपाशी. पण काही वर्षांनी तो संपतो आणि गाणं सार्वजनिक ठेव्यात (जे सगळ्यांचं, ते) जातं. भोंडल्याची गाणी तिथलीच. कंपनीचं आहे ते फक्त तिनं केलेलं ध्वनिमुद्रण."

"मग राखण्याला हे कळत नाही?"

"तो नुसता ध्वनिठसा (सुरांच्या चढउताराचा आलेख) जुळवतो. जुळला की कुलूप."

"नव्या कायद्यानं हे थांबेल ना?"

"नव्या कायद्यात राखण्यांना दुप्पट वेगवान करणार आहेत."

तेवढ्यात तात्यांचं नाव पुकारलं. त्यांनी खुर्ची मैत्रेयीला दिली. "तूच सांग. माझी भाषणं त्यांना पाठ आहेत."

मैत्रेयीनं भाषणाऐवजी मुलींना आत बोलावलं आणि गाणं सुरू केलं.

सुनावणीला जाणारा आवाज घरचा राखण्या अडवत नसे, पण सभागृहाचा स्वतःचा राखण्या होताच. पहिली ओळ वाजताच त्यानं अख्खं सभागृह मुकं केलं. अध्यक्षबाई माइकवर टिचक्या मारू लागल्या. सप्तघोषचे वकील तावातावानं हात नाचवत होते. त्यांची हरकतही कोणाला ऐकू गेली नाही. शेवटी तिथल्या एका तंत्रज्ञानं हातानं खटका ओढून राखण्याला बंद केलं.

"वकीलसाहेब," अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे गाणं तुमच्या कंपनीनं रचलंय?"

"रचलं असं नाही. ध्वनिमुद्रण आमचं."

"मग या गाण्यावरचं कुलूप आत्ता काढा. आणि मसुद्यात लिहून घ्या : आधी माणसानं तपासायचं, मग कुलूप. खोट्या दाव्याला दंड."

"मसुद्याचा कायदा व्हायला वेळ लागेल," सचिव पुटपुटले.

"लागू दे. आज लिहून तर घ्या."

अंगणात फेर पुन्हा सुरू झाला. आता आत्याही गात होती. पण चंद्रावर आवाज पोचून परत यायला अडीच सेकंद लागतात, त्यामुळे तिची प्रत्येक ओळ मागून येत होती. धाकट्या मुली खुसखुसायला लागल्या.

मैत्रेयीनं फेर हळू केला. प्रत्येक ओळ संपली की सगळ्या पाऊल उचलून थांबत, आणि आत्याची ओळ आली की टेकवत.