बाबांच्या साखरेचा डोंगर

सन २०६१. कराडच्या जुई थोरातला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

तिचे बाबा घरी बसून वीस शेतांतले ट्रॅक्टर पडद्यावरून चालवत. दिवसाचे दहा तास खुर्चीत! मागच्या महिन्यात त्यांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह (रक्तातली साखर प्रमाणाबाहेर वाढण्याचा आजार) निघाला. तेव्हापासून त्यांच्या दंडावर एक चकती होती. ती साखर मोजून भिंतीवर आलेख काढी.

सोमवारी बाबांनी दोन भाकऱ्या, पिठलं आणि वाटीभर भात खाल्ला. आलेख डोंगरासारखा चढला. मंगळवारी तेच जेवण, तेवढंच. पण आलेख जेमतेम टेकडीएवढा!

"चकती बिघडली असेल," बाबा म्हणाले.

"नाही रे दादा." बाबांची बहीण लतिकाआत्या म्हणाली. ती स्नायूंवर संशोधन करायची. "जुई, मंगळवारी वेगळं काय झालं?"

"जेवल्यावर बाबा मला चित्रकलेच्या वर्गाला सोडायला चालत आले!"

"तेच! इन्सुलिन (साखरेला पेशीत शिरू देणारं संप्रेरक, म्हणजे शरीरातला निरोप्या) पेशींची दारं उघडायला सांगतं. दादाच्या पेशी त्याचं नीट ऐकत नाहीत, म्हणून साखर रक्तातच साचते. पण चालताना स्नायू त्याची वाट बघत नाहीत. आपणहून दारं उघडतात."

"मग माझ्या साखरेच्या गोळ्या उद्यापासून बंद!" बाबा म्हणाले.

"अजिबात नाही," आत्या करड्या आवाजात म्हणाली. "ते डॉक्टर ठरवतील."

बाबा हळूच म्हणाले, "भीती वाटते गं. अण्णांची नजर याच आजारानं गेली."

आपल्या वडिलांच्या आठवणीनं आत्याचेही डोळे भरले. जुईनं बाबांचा हात धरला. "चला, पंधरा मिनिटं."

रोज जेवल्यावर दोघं निघू लागली. भात निम्मा झाला. आधी कोशिंबीर येऊ लागली, कारण भाज्यांतले तंतू (न पचणारे धागे) साखर रक्तात सावकाश जाऊ देतात. होळीला मात्र बाबांनी चार पुरणपोळ्या हाणल्या. "आज सह्याद्री!" जुई ओरडली. बाबा ओशाळले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला निघाले.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सरासरी साखर तपासली. बरीच उतरली होती. त्यांनी एक गोळी निम्मी केली. "आजार गेलेला नाही, पण लगाम तुमच्या हातात आलाय."

परतताना जुईनं सोबत आलेल्या आत्याला विचारलं, "आत्या, स्नायू दारं नेमकी कशी उघडतात?"

"थोडं कळलंय. बरंच कळायचंय."

"मग ते मी शोधीन," जुई म्हणाली.