बाणावरचं कुंकू

यायचा होता पिकअपवाला मच्छिंद्र, आला पृथ्वीराज. मच्छिंद्राची पाठ धरली, म्हणून त्याचा कासुर्डीचा भाचा पिकअप घेऊन मांडवगण फराट्याला, भिमाजीआप्पांच्या वर्कशॉपपुढं येऊन उभा राहिला. आप्पांच्या लेकीनं, मोनालीनं त्याला खालवर न्याहाळलं. या पोराच्या हाती आपला कॉम्प्रेसर?

आता हा कॉम्प्रेसर म्हणजे हत्तीचं पिल्लू. टाकीत म्हैस बसवली असती तर खुशाल रवंथ करत राहिली असती. त्याची हवा सोडली की भीमेपल्याडचे बगळे उडतात, असं गावात शपथेवर सांगतात. त्याच हवेवर आप्पांनी निम्म्या तालुक्याच्या ट्रॉल्या रंगवल्या. पण आता त्यांच्या छातीला रंगाचा वास सोसेना, आणि मोनालीनं यवतला हायवेवर गाळा बघितला. आप्पांची अट एकच होती. "मशीन तिथं धड चालू झालं तर दुकान तुझं. जळलं, तर गुमान माघारी यायचं."

निघायच्या आधी आप्पांनी ते एकदा चालवून दाखवलं. मोनाली पट्ट्याच्या जाळीपुढं हातभर लांब उभी होती. आतल्या चाकानं वारा असा ओढला, की तिच्या रुमालातून सुटलेली एक बट जाळीकडं झेपावली. पृथ्वीराज टक लावून बघत होता. मशीनकडंच असणार, तिला वाटलं.

मग हवा पार सोडली, टाकीतलं पाणी काढलं, वायरी सोडवल्या.

"दोर पायांना बांधा. मोटरला न्हाई, पायपाला न्हाई," मोनाली म्हणाली. "आन् आडवा पाडायचा न्हाई. ऑइल नको तिथं चढंल."

"नवरीसारखा नेतो, काळजी नको."

"नवरी दोरानं बांधून नेत्यात व्हय?"

"माझ्या नावाच्या राजानं घोड्यावरनं पळवली म्हणं. मी आजच्यापुरता पिकअपवाला. मला कॉम्प्रेसरच मिळाला."

मोनालीला हसू आलं. तिनं ते ओठातच दाबलं.

केबिनमध्ये दोघांच्या मधोमध विठाबाई, मोनालीची आई. मांडीवर नारळ, मुठीत कुंकवाचा करंडा. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला मागं साखळी खणखणायची आणि मोनाली मागं वळून बघायची. पुलावर तर तिनं डोळेच मिटले.

"मागं बघून बघून मान धरंल," पृथ्वीराज हळूच म्हणाला.

"तुमी पुढं बघा."

"मशीन बघतोय… आरशात."

"मशीन बाहेरच्या आरशात दिसतं. तुमी आतला बघताय."

विठाबाईंनी नारळ उगाच या हातातून त्या हातात घेतला.

यवतला क्रेननं कॉम्प्रेसर अलगद खाली उतरवला, पायांखाली रबर घातलं. ऑइल खाली बसावं म्हणून चहा होईस्तोवर त्याला हात लावला नाही. पृथ्वीराजचं कासुर्डीला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, म्हणून जोडणी त्यानंच केली. विठाबाईंनी नारळ फोडला आणि दर खंडेनवमीला लावतात तिथंच, जाळीच्या वरच्या कोपऱ्यात, कुंकवाचं बोट ओढलं. पृथ्वीराज मागं उभा होता; मोनालीनं जाळीपुढून बटण दाबलं.

मशीन धडधडलं. दाबाचा काटा हलला. तिनं त्याच्यावरून नजर काढली नाही… चढ रे बाबा, चढ…

"बंद!" पृथ्वीराज ओरडला, आणि त्यानंच बटणावर हात मारला.

"का? चढत होतं की!"

"उलटं फिरतंय. वारा सिलिंडरच्या डोक्याकडं जाईना. असंच चाललं तर तापून जाम हुईल."

मोनाली गर्रकन त्याच्याकडं वळली. "कशावरनं म्हणताय?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल.

"बोला की! माझं दुकान हाय हे!"

"तुमची… ती बट," तो चपलेकडं बघत म्हणाला. "सकाळी जाळीकडं जात होती. आता माझ्याकडं आली."

विठाबाई खोकल्या. मोनालीला राग यावा की काय, तेच कळेना. बटेच्या भरवशावर वायरी बदलायच्या? आणि याचं चुकलं तर?

"बाण!" तिला एकदम आठवलं. "फिरायची दिशा दाखवणारा बाण असतो जाळीवर. आये, तू कुंकू कुठं लावतीस?"

"बाणावरच की. देवाचा बाण हाय त्यो."

इतक्या वर्षांच्या कुंकवाचा नुसता थर झाला होता. पृथ्वीराजनं फडकं घेतलं.

"कुंकू पुसू नगं रं!" विठाबाई कळवळल्या.

"पुसत न्हाई आई. जरा बाजूला सरकवतो."

बाण उघडा पडला. बट खरं बोलत होती!

मेन स्विच पाडून त्यानं दोन वायरींची अदलाबदल केली. मोनाली पुन्हा हातभर लांब उभी राहिली. तिनं बटण दाबलं… आणि बट जाळीकडं झेपावली. काटा चढू लागला. डोकं तापेना, आवाज बदलेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पृथ्वीराज काहीतरी बोलला.

"काय? ऐकू येईना!"

तो पुन्हा बोलला.

"मोठ्यांदा!"

त्यानं छाती भरून घेतली. नेमकी त्याच क्षणी टाकी भरली, मशीननं फुस्स केलं आणि आपोआप गप्प झालं. त्या शांततेत,

"मला तुमी लई आवडता!"

शेजारच्या धाब्यावर एकाच्या हातातला चहा सांडला. आरोळी पार कासुर्डीपर्यंत ऐकू गेली म्हणतात. आम्ही त्यातलं निम्मंच धरतो.

विठाबाईंनी शांतपणे खोबरं मोडलं, मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला.

"झालं का गं चालू?"

"झालं, आप्पा."

"नीट बघितलंस न्हवं? दिशा बरुबर हाय?"

मोनालीनं बट कानामागं सारली. समोर कुंकवानं लाल झालेली बोटं लपवत, खोबरं न खाताच तो उभा होता.

"सकाळपास्नं बरुबरच होती, आप्पा," ती म्हणाली. "मलाच उशिरा दिसली."