फ्रेम बदलायची की नाही

दुकानाच्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं – ‘फ्रेम बदलून मिळेल’. ते वाचून तो तडक आत शिरला आणि काडी मोडलेला चष्मा काउंटरवर ठेवला.

काउंटरमागच्या मुलीने आधी चष्म्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“आम्ही चित्रांच्या बदलतो,” ती म्हणाली. “नाकावरच्या नाही.”

दुसरा कुणी असता तर ओशाळून निघून गेला असता. हा मनापासून हसला… आणि हसताना बरा दिसत होता, पंचाईत झाली ती तिथेच.

तो दातांचा डॉक्टर. एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना त्याने नुकताच विकत घेतला होता, आणि खुर्ची-औजारांबरोबर भिंतीवरची पक्ष्यांची चार चित्रंही पदरात पडली होती. फ्रेमा अगदी ओबडधोबड. बदलाव्यात का? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारही चित्रं काखोटीला मारून स्वारी हजर!

मुलीला सगळे टाचणी म्हणायचे. नाव आत्याने ठेवलेलं. दुकान दोघी मिळून चालवायच्या. टाचणीने भिंग लावलं. लाकूड कोरून, त्यावर शाई फिरवून काढलेले छाप होते ते. खाली पेन्सिलने ‘२०/२०’ आणि शेजारी एका बाईची सही.

“पैकीच्या पैकी मार्क,” तो कौतुकाने म्हणाला.

“मार्क कसले? वीस प्रती काढल्या, त्यातली ही विसावी. शेवटची.”

मग या बाईंचा माग काढायचं ठरलं. म्हाताऱ्या डॉक्टरांना काही आठवेना. सहीतलं पहिलं अक्षर ‘म’ की ‘भ’, यावर दोघांनी भिंगाखाली डोक्याला डोकं लावून दोन संध्याकाळी घालवल्या. रोज निघताना तो विचारायचा, “मग, बदलायच्या का?” आणि टाचणी म्हणायची, “बघते…” खरं तर तिला कशाचीच घाई नव्हती.

पण बाई सापडली. बसने दोन तासांवर राहत होती. रविवारी तो एकटाच जाऊन आला आणि सोमवारी जो बोलत सुटला तो थांबेचना. तिचं छापायचं यंत्र म्हणे पलंगाएवढं. तिचे हात म्हणे कोपरापर्यंत शाईने माखलेले. आणि हसते म्हणे किती मोकळं! टाचणीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिचे हात गेली सहा वर्षं डिंकाने माखलेले होते, ते कधी दिसले नाहीत याला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. फोनवर बोलता येत नव्हतं का?

सोमवारी दुपारी टाचणीने दात-ओठ खात पहिल्या चित्राच्या पाठीवरचा कागद ओरबाडला. ही फ्रेम आता जातेच भंगारात… आणि तिचा हात थबकला. कागदाखाली फ्रेमच्या लाकडावर पिसं कोरलेली होती. चोचीचा तुकडाही होता, उलटा, रेघांत वाळलेली काळी शाई.

तिच्या लक्षात आलं. विसावी प्रत काढून झाल्यावर बाईने तो कोरलेला ठसाच कापला होता आणि त्याच्या पट्ट्यांची फ्रेम केली होती. एकविसावी प्रत आता कधीच निघणार नव्हती. ही फ्रेम टाकणं म्हणजे अर्धं चित्रच टाकणं.

एरवी ती नाचली असती. आज स्टुलावर बसून राहिली. सांगितलं, तर तो पहिली बस पकडून त्या बाईचं कौतुक करायला पळेल, आणि दुकानात यायचं कारणच उरणार नाही. नाही सांगितलं, तर आठवड्याला एक अशा चार नव्या फ्रेमा… महिनाभराच्या संध्याकाळी.

तो रोज येऊन ‘बदलायच्या का?’ विचारायचा, ती ‘बघते’ म्हणायची; तीन दिवस तिने तोंडाला कुलूप लावलं. आत्याने शेवटी विचारलंच, की ही धुसफूस लाकडावर आहे की लाकूड कोरणारीवर.

चौथ्या दिवशी तो नेहमीसारखा आला. टाचणीने फ्रेम उलटी करून त्याच्यासमोर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

“बदलू नका,” ती म्हणाली. “मागचा पुठ्ठा नवा घालून देते. उद्या मिळेल. मग… संपलं तुमचं काम.”

तो पिसांवरून बोट फिरवत राहिला. “मला माहीत होतं. पहिल्याच रविवारी सांगितलं तिने. फ्रेमांना हात लावू नका म्हणाली.”

“मग रोज मला का विचारत होता, बदलायच्या का म्हणून?”

“तुम्ही ‘बघते’ म्हणायचात ना… म्हणजे दुसऱ्या दिवशी यायला मोकळा.”

टाचणीचे कान तापले. पण अजून एक हिशेब बाकी होता. “आणि दुसऱ्या रविवारी परत कशाला गेलात?”

“विचारायला… की तुम्हाला सांगू कसं.”

“दिसायला कशी आहे ती?”

“छान आहे,” तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि टाचणीने पक्कड उचलली तसा घाईने पुढे बोलला. “पण दोन्ही वेळा मी तुमच्याबद्दलच बोलत होतो. शेवटी वैतागली. म्हणाली, डॉक्टर, हे जिला सांगायचं तिला सांगा, माझी शाई वाळतेय.”

पक्कड हळूच खाली गेली. आतल्या खोलीतली आत्याची खुडबुडही थांबली होती.

“मग सांगा,” टाचणी म्हणाली. “तिला जेवढं सांगितलंत, तेवढं सगळं. तिने ऐकलेला एक शब्दही मला कमी पडता कामा नये.”

त्याने स्टूल ओढलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.