मनोऱ्यातला पाथरवट

नगरभवनाचं उद्घाटन उद्यावर आलं होतं, म्हणून दुपारी तीनच्या सुमारास अँब्रोज लॉरिमर मनोऱ्यावर शेवटची नजर टाकायला निघाला. यॉर्कशरमधल्या तीन गावांत त्याने बांधलेली नगरभवनं दिमाखात उभी होती. हे चौथं, सगळ्यांत उंच. यानंतर नावामागे 'सर' लागणार, अशी कुजबुज लंडनपर्यंत पोचली होती.

दाराशी होलरॉइड मिस्त्री पाईप ओढत बसला होता.

"येतोस ना वर?"

"नको साहेब, गुडघे धरलेत." मग नजर चुकवून म्हणाला, "धुकं उतरलंय... उद्या सकाळी गेलात तर?"

"म्हणजे बांधणाराच आपल्या मनोऱ्याला भ्याला, असं म्हणायला गाव मोकळं!"

होलरॉइड हसला नाही.

गोल जिना अरुंद होता. भिंतींना ओल्या चुन्याचा वास येत होता. चढता चढता रस्त्यावरच्या घोडागाड्यांचा खडखडाट विरत गेला आणि वरून छिन्नीचा आवाज आला. टक्... टक्... टक्. काम तर महिन्यापूर्वीच संपलं होतं.

"कोण आहे?"

छिन्नी थांबली.

"साहेब... दगड गोठलाय. पाय ठरत नाही... उतरू का?"

लॉरिमर पायरीवरच थबकला. जानेवारीत जेबेझ सग्डन पाथरवट परांचीवरून हेच बोलला होता. "मुदत चुकेल, हात चालव!" लॉरिमर खालून ओरडला होता. तासाभरात जेबेझ खाली फरशीवर मरून पडला होता. चौकशीत लॉरिमरने शपथेवर सांगितलं, गडी प्यायलेला होता.

"साहेब... उतरू का?"

"उतर," तो कसाबसा म्हणाला. "उतर रे बाबा... माझं चुकलं."

खिळ्यांचे जड बूट एकेक पायरी उतरू लागले. लॉरिमर भिंतीला चिकटला. दिसलं कुणीच नाही, पण एक गार खांदा त्याच्या छातीला घासून खाली गेला.

लॉरिमर तडक गिरणीमागच्या गल्लीत गेला. टकटक करायच्या आतच हेस्टर सग्डनने दार उघडलं.

"बाई, तुमचा नवरा प्यायलेला नव्हता. मी खोटं बोललो. उद्या भर सभेत सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलंही. त्यानंतर त्याला कुणी साधी भिंतसुद्धा बांधायला दिली नाही. पण ते पुढचं.

"ठाऊक आहे मला," हेस्टर म्हणाली. "जरा हळू बोला... दमून आलेत."

शेकोटीजवळची खुर्ची रिकामी होती. पुढ्यात बशीत चहा ओतलेला होता.

लॉरिमर बघतच राहिला. बशीतला चहा घोटाघोटाने कमी होत होता.