धीराचा आकडा

विट्याच्या रेहान मुजावरचं पत्र दोन वर्षं माझ्या शब्दकोशात पडून होतं. मुलांच्या मासिकात मी अधूनमधून विज्ञानावर लिहितो, म्हणून त्याने मला लिहिलं होतं. आता कागदावर पत्र कोण लिहितं? पण सहावीतल्या रेहानने लिहिलं होतं, तेही शाईने.

‘आजोबा, ईदला आमच्या घरी आम्हाला शिरखुर्मा आणि अब्बांच्या मोटारसायकलला भारी पेट्रोल असतं. पंपावर ९१ आणि ९७ असे दोन आकडे आहेत. अब्बा म्हणतात, मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद. मला तर गाडी तशीच पळते असं वाटतं. खरं काय? अब्बांना सांगू का?’

उत्तर मला ठाऊक होतं. निदान तसं वाटत होतं. पण लिहायला बसलो की वाक्यं पाठ्यपुस्तकातल्यासारखी जड व्हायची. हे सहावीतल्या मुलाला कळेल का? आपण काही चुकीचं तर सांगत नाही ना? मग कागद फाडायचो आणि पत्र परत शब्दकोशात ठेवायचो.

ते पत्र पुन्हा बाहेर निघालं शेजारच्या हिंदवीमुळे.

एका शुक्रवारी दुपारी ती दार न वाजवताच आत आली. हिंदवी चौगुले दहा वर्षांची आहे आणि एरवी तिचं तोंड बंद नसतं. त्या दिवशी ती खुर्चीत बसली आणि बाहीचं टोक पिळत राहिली.

“काय झालं गं?”

“आजोबांची गाडी नेणार,” ती म्हणाली. “वितळवायला.”

तिचे आजोबा, म्हणजे माझे शेजारी आप्पा चौगुले, गेल्या वर्षी वारले. त्यांची जुनी पेट्रोलची मोटारसायकल आता हिंदवीची सानिकाआत्या चालवते. आमच्या भागात बहुतेक गाड्या विजेवर चालतात. पेट्रोलच्या गाड्या थोड्याच उरल्यात, त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या वेशीवर एकच पंप राखून ठेवलाय. अशा प्रत्येक गाडीला वर्षातून एकदा पन्हाळ्याचा चढ चढून दाखवावा लागतो. चढावर कानोसा नावाचा यंत्रमानव उभा असतो. तो इंजिनाचा आवाज ऐकतो. इंजिन निरोगी असेल तर परवाना, नसेल तर आणखी एक संधी. दुसऱ्यांदाही नापास झाली की गाडी भट्टीत.

“आज पहिल्यांदा नापास झाली,” हिंदवी म्हणाली. “चढावर टक्‌टक्‌ वाजते. डब्यात खडे घालून हलवल्यासारखं. आता रविवारी शेवटची संधी.” मग ती हळूच म्हणाली, “आजोबांचा आवाज मला नीट आठवत नाही. गाडीचा आठवतो. ते कोपऱ्यावर आले की कळायचं.”

मी चष्मा पुसला आणि तो उगीच पुन्हा पुसला.

तेवढ्यात हातांना काळं तेल लागलेली सानिकाआत्या आली. “काका, ही इथंच असणार म्हटलं! काय सांगायचं तुम्हाला, प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, चेन घट्ट केली. सपाटीला गाडी लोण्यासारखी. चढ आला की ठोकायला सुरुवात!”

“पेट्रोल कोणतं घालतेस?” मी विचारलं.

“एक्क्याण्णव. गाडीच्या पुस्तकात तेच छापलंय. वाचून घालते हो मी.”

माझ्या अभ्यासिकेत गणू नावाचा यंत्रमानव आहे. पुस्तकं काढून देणं, वाचून दाखवणं हे त्याचं काम. मी त्याला विचारलं. त्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लुकलुकला.

“या मॉडेलसाठी कंपनीच्या पुस्तकानुसार ९१ ऑक्टेनचं पेट्रोल योग्य आहे. इंधनात दोष नाही.”

“बरोबर,” मी म्हणालो. “मग पेट्रोलचा प्रश्न नाही. दुसरंच काहीतरी असेल.”

पुस्तकात छापलंय म्हटल्यावर मला पुढे शंका येतच नाही.

“पण आजोबा,” हिंदवी म्हणाली, “पुस्तक आमच्या गाडीचं आहे, की आमच्या गाडीसारख्या गाडीचं?”

मी गणूकडे पाहिलं. गणूचा दिवा पिवळा झाला. त्याला उत्तर सापडलं नाही की असं होतं.

“हिंदवी,” मी म्हणालो, “तुझ्या सायकलचा पंप घेऊन ये.”

ती पंप घेऊन आली. मी पंपाचं तोंड बोटाने दाबून धरलं आणि तिला दांडा जोरजोरात मारायला सांगितलं.

“आता पंपाच्या तळाला हात लाव.”

“गरम झालाय!”

“हवा दाबली की तापते. तुमच्या गाडीच्या इंजिनात हेच होतं. आत एक नळकांडं असतं, त्याला सिलेंडर म्हणतात. त्यात दट्ट्या (वरखाली सरकणारा गोल ठोकळा) असतो. दट्ट्या खाली गेला की हवा आणि पेट्रोलची वाफ आत येते. मग दट्ट्या वर येतो आणि ते मिश्रण दाबतो.”

“म्हणजे तापवतो.”

“अगदी. आणि दाबून झालं की वरचा प्लग ठिणगी टाकतो. ज्योत प्लगपासून निघते आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला पसरत जाते. दट्ट्या खाली ढकलला जातो, गाडी पळते.”

“मग टक्‌टक्‌ कुठून येते?”

“ज्योत पसरत असताना लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण अजून पेटायचं असतं. ते आधीच दाबलेलं, तापलेलं. त्यात ज्योतीच्या मागून येणारा रेटा त्याला आणखी दाबतो. त्याला धीर धरवला नाही, तर ज्योत पोचायच्या आधी ते आपलं आपणच भडकतं. एकदम! त्याचा धक्का सिलेंडरला बसतो. त्याला ठोका म्हणतात. चढावर इंजिनावर भार जास्त, म्हणून दाब जास्त, म्हणून ठोकाही तिथेच.”

हिंदवीने थोडा विचार केला. “लेझीमसारखं. सगळी रांग पुढे येते आहे आणि टोकाचा एकजण आधीच उडी मारतो. मग धडक.”

हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

“आणि ऑक्टेनचा आकडा?” आत्याने विचारलं. ती आता जमिनीवरच बसली होती. “ताकदीचा ना तो?”

“नाही गं. ताकद दोन्ही पेट्रोलांत जवळजवळ सारखीच. आकडा धीराचा आहे. दाबलं, तापवलं, तरी ज्योतीची वाट पाहत किती वेळ दम धरतं, ते तो सांगतो. आयसोऑक्टेन नावाचा एक द्रव फार धीराचा आहे, त्याला शंभर गुण दिले. हेप्टेन नावाचा दुसरा द्रव फार उतावळा, त्याला शून्य. शंभरात एक्क्याण्णव भाग धीराचा आणि नऊ भाग उतावळा द्रव मिसळला, तर त्या मिश्रणाइतका धीर धरणारं पेट्रोल म्हणजे ९१.”

“मग पंपावरचं ९७ जास्त धीराचं. तेच घालू की!” आत्या म्हणाली.

“थांब. किती धीर लागणार, ते इंजिन किती दाबतं यावर ठरतं. त्याला संपीडन गुणोत्तर (मिश्रण किती पट दाबलं जातं, तो आकडा) म्हणतात. गणू, यांच्या गाडीचं किती?”

“नऊ,” गणू म्हणाला. “दट्ट्या वरखाली सरकताना २०० मिलिलिटर जागा व्यापतो. तो वर पोचल्यावर उरलेली जागा २५ मिलिलिटर. म्हणजे २२५ मिलिलिटरचं मिश्रण २५ मध्ये दाबलं जातं. नऊ पट.”

“नऊ पटीला ९१ पुरतं,” मी म्हणालो. “पण हिंदवीचं म्हणणं असं, की हे पुस्तकातल्या गाडीचं झालं. अंगणातल्या गाडीचं मोजायला हवं.”

शनिवारी सकाळी आम्ही अंगणात जमलो. इंजिन गार होतं. आत्याने प्लग काढला आणि दट्ट्या अगदी वर, मिश्रण दाबून झाल्यावर असतो त्या जागी आणला. मग गाडी एका अंगावर कलती धरली, म्हणजे प्लगचं भोक सगळ्यांत वर आलं. हिंदवीच्या हातात औषधाच्या दुकानातून आणलेली मोठी सिरिंज होती, सुईशिवाय. तिच्यात पातळ तेल भरलेलं.

“भोकातून तेल सोड,” मी म्हणालो. “आतली जागा भरली की तेल वर दिसेल. तिथे थांबायचं. जितकं तेल गेलं, तितकी जागा. पण लवकर, नाहीतर दट्ट्याच्या कडेने झिरपेल.”

हिंदवीने जीभ दातांत धरून सिरिंज दाबली. मी आकडे वाचत होतो. दहा. पंधरा. अठरा.

“भरलं!” ती ओरडली.

“नाही, पंचवीसपर्यंत जाईल. बघ नीट.”

“आजोबा, तेल वर आलंय! तुम्हीच बघा की!”

मी वाकून पाहिलं. तेल भोकाच्या कडेशी चमकत होतं. सिरिंजमधून गेलेलं तेल वीस मिलिलिटर. तेल काढून पुन्हा मोजलं. पुन्हा वीस.

अंगणातल्या मातीवर हिंदवीने काडीने गणित मांडलं. दोनशे अधिक वीस, भागिले वीस. “अकरा! आजोबा, आमची गाडी अकरा पट दाबते!”

आत्या इंजिनावर वाकली. “हेड घासलंय! बाबांनी हेड घासून घेतलं होतं!”

“म्हणजे काय?” हिंदवीने विचारलं.

“इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड. जुने लोक ते खालून थोडं घासून घ्यायचे. वरची जागा कमी, म्हणून दाब जास्त, म्हणून चढाला जोर जास्त. बाबा सगळ्यांना म्हणायचे, पन्हाळ्याला माझ्यासंगं शर्यत लावून दाखवा.” मग तिचा आवाज उतरला. “ते कायम भारी पेट्रोल भरायचे. मला वाटायचं, गाडीचे नुसते लाड. ते गेले आणि मी पुस्तक वाचून ९१ सुरू केलं.”

“ते लाड नव्हते,” मी म्हणालो. “अकरा पट दाबणाऱ्या इंजिनाला धीराचं पेट्रोल हवंच. त्यांना ते माहीत होतं.”

आत्याने इंजिनातलं उरलेलं तेल काढलं, टाकीतलं ९१ डब्यात काढून ठेवलं आणि गाडी ढकलत पंपावर ९७ भरायला नेली. अर्धवट मिसळलं असतं तर धीरही अर्धवटच राहिला असता. हिंदवी मागून ढकलत होती आणि मी पिशवी धरून चाललो होतो. मनात मात्र शंका होतीच. सिरिंज चुकली असेल तर? गणित बरोबर असेल, पण ठोका दुसऱ्याच कशाने येत असेल तर?

रविवारी सकाळी पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या वळणापुढच्या चढावर, मी आणि हिंदवी कानोशाशेजारी उभे राहिलो. कानोसा उंच, सडसडीत. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना सुपाएवढ्या तबकड्या.

“तुम्हाला तपासणीत बोलता येणार नाही,” तो आम्हाला म्हणाला.

“श्वास घेता येईल ना?” हिंदवीने विचारलं.

“हळू घ्या.”

खालून आवाज आला. आधी लांबचा, झाडांतून गाळून आल्यासारखा. मग वळण घेऊन जवळ. हिंदवीने डोळे मिटले आणि माझी बाही धरली. आत्या चढाला लागली. गाडीचा वेग उतरला, इंजिनावर भार आला. शुक्रवारी ठोका वाजला होता तो हाच टप्पा. मी खड्यांचा डबा वाजायची वाट पाहत होतो.

खडे वाजले नाहीत. भरदार, एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज आमच्या समोरून वर गेला. कानोशाच्या तबकड्या त्याच्या मागे वळल्या.

“ठोका नाही,” तो म्हणाला. “ज्वलन एकसारखं. परवाना मंजूर.”

हिंदवीने डोळे उघडले नाहीत. “हाच,” ती म्हणाली. “कोपऱ्यावर यायचा तो हाच.”

त्या दुपारी मी शब्दकोशातून रेहानचं पत्र काढलं आणि लिहायला बसलो. कागद फाडावा लागला नाही.

‘प्रिय रेहान, आकडा ताकदीचा नसतो, धीराचा असतो. तुझ्या सायकलच्या पंपाचं तोंड दाबून धर आणि दांडा मार…’ पंप लिहिला, लेझीम लिहिली, अंगणातलं गणितही लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘अब्बांच्या गाडीचं पुस्तक बघ. त्यात ९१ असेल, चढावर ठोका नसेल आणि इंजिनात कुणी काही बदललं नसेल, तर ९१ उत्तम. जास्त धीराच्या पेट्रोलने नुकसान नाही, पण फायदाही नाही. तुला फरक वाटला नाही, ते तुझं निरीक्षण अचूक होतं. अब्बांना जरूर सांग, पण शिरखुर्मा खाऊन झाल्यावर.’

पाकीट घेऊन बाहेर पडलो, तर अंगणात आत्या गाडी सुरू करून उभी होती. हिंदवी टाकीवर पुढे बसली होती.

“बसा काका मागं. टपालपेटीपर्यंत सोडते.”

“मी? नको गं. मी चालत…”

“बसा की ओ आजोबा!” हिंदवी म्हणाली. “आता ठोकत नाही.”

मी बसलो. गाडी निघाली तसं हिंदवीने मान वळवून विचारलं, “मी मोठी होईन तेव्हा पेट्रोल असेल?”

“कदाचित नसेल. आपल्या उसापासून इथेनॉल करतात, ते पेट्रोलहून धीराचं. तू आणखी वेगळंच काही शोधशील. पण कुठल्याही इंजिनाला आधी विचार, तू किती दाबतंस? आणि उत्तर मोजून घे.”

कोपऱ्यावर लाल टपालपेटी होती. पाकीट हातात घेऊन मी जरा थांबलो. पत्ता पुन्हा वाचला. आणखी एकदा आकडे तपासावेत का, असं मनात आलं.

“आजोबा,” हिंदवी म्हणाली, “तुमचा ऑक्टेन किती ओ? धीर किती धरायचा! ठिणगी पडली की पेटायचं असतं ना?”

आत्या खो खो हसली. मी पाकीट पेटीत सोडलं. आत, तळाशी, ते टप्पकन पडल्याचं ऐकू आलं.