श्वासाची जागा

०:००

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी काम करते. पावणेनऊची बस, नऊ ते साडेपाच. काम वजनाचं. आमच्या बॅलन्सला, म्हणजे नाजूक वजनकाट्याला, काचेची दारं असतात. दार उघडं राहिलं, तर वाकलेल्या माणसाच्या श्वासानेही शेवटचा आकडा हलत राहतो. म्हणून दार लावायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, तीनदा मोजायचं, मग लिहायचं. हेही तसंच लिहिते आहे.

अनुष्का माझी मामेबहीण. ती जॅझ गाते.

तिच्या वडिलांची, धम्मपालमामाची, गायन पार्टी होती. दर मार्चला चवदार तळ्यावर आमचा कार्यक्रम. अनुष्का पुढे, मी मागे. मागचीचं काम एकच. पुढची श्वास घेते तेवढा वेळ तिचा सूर धरून ठेवायचा, ऐकणाऱ्याला सांधा कळू न देता.

"सूर खाली पडला नाय पायजे," मामा म्हणायचा. "आणि ती परत आली की सोड. जास्तीचा एक क्षण नाय. तो तिचा हाय."

बॅनरवर 'अनुष्का आणि पार्टी' असं असायचं. पेटी, ढोलकी आणि मी मिळून पार्टी.

एकोणिसाव्या वर्षी ती मुंबईला गेली. एका हॉटेलात गायला लागली, तिथल्या पियानोवाल्याने तिला जॅझ शिकवलं. आता जर्मनी, जपान. तिच्या मुलाखती मी जेवणाच्या सुट्टीत बघते. एकीत तिला विचारलं, इतका लांब सूर धरायला कुणी शिकवलं? अनुष्काने केस मागे सारले. "कुणी नाही. माझी मीच."

ती मुलाखत मी एकोणीस वेळा पाहिली. तीनदा पुरेसं होतं.

२:१७

फेब्रुवारीत तिने नवं गाणं पाठवलं. अजून कच्चं आहे, ऐकून सांग. मी भाकऱ्या करताना लावलं. शब्द इंग्रजी, चाल पुढे कुठे वळेल याचा अंदाज येत नाही. दोन मिनिटं सतरा सेकंदांवर तिने श्वास घेतला आणि माझ्या तोंडून सूर निघाला. हात पिठात होते. ती परतली, मी सोडला. इतक्या वर्षांनीही सवय गेली नाही, म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तेच गाणं पुन्हा लावलं. २:१७ वर श्वास नव्हता. चार सेकंद अखंड सूर, आणि त्याच्या शेवटाला बारीक खरखर. लहानपणी टॉन्सिल काढल्यापासून ती माझ्या आवाजात आहे. तिच्या नाही.

तीनदा ऐकलं. मग फोन केला.

"काय गो, आवडलं?"

"मागे कोण गातंय?"

"मागे कुणी नाही. पियानो आणि मी."

"दोन सतराला."

तिने तिकडे ती जागा लावून ऐकली. मग म्हणाली, "तिथे मी श्वास घेतला होता. मलाही आठवतंय. पण सगळे म्हणतात, तीच जागा सगळ्यात भारी आहे. राहू दे ना."

"राहू दे?"

"तुझं काय जातंय, सारिका?"

३:४७, दुपार

माझ्या शेजारी काम करणारा मुरारी आकडे लिहून घेत होता. "दोन पूर्णांक तीन," मी म्हणाले, आणि आवाज बंद. ओठ हलत होते.

"पुढचा आकडा, मॅडम? की उपास हाय आज बोलण्याचा?"

भिंतीवरच्या घड्याळात मी नऊ सेकंद मोजले. मग आवाज आला.

त्या वेळी टोकियोत संध्याकाळचे सव्वासात वाजले होते आणि अनुष्का स्टेजवर होती. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी आला. नऊ सेकंदांचा सूर, शेवटाला खरखर. लोक उभे राहिले. व्हिडिओखाली कुणीतरी विचारलं होतं, ही बाई श्वास घेते की नाही?

पुढच्या कार्यक्रमात चौदा सेकंद. त्यापुढच्यात एकवीस.

मला भीती वाटायला हवी होती. मी टाळ्या मोजत होते.

आंबेनळी घाट

दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम रविवारी होता, मोबाईलवर थेट दिसणार होता. मी स्कूटर काढली, पोलादपूर ओलांडलं आणि घाटात रेंज येते त्या वळणावर थांबले. तिथे मला कुणी ऐकणार नव्हतं. कठड्यावर मोबाईल टेकवला. एक माकड बघत बसलं होतं.

काळ्या झग्यात ती छान दिसत होती. मला कुठलाच झगा असा बसला नसता.

तिसऱ्या गाण्यात तिने सूर उंच नेला आणि ओठ मिटले. माझं तोंड उघडलं. घाटात काहीच ऐकू आलं नाही. आवाज मोबाईलमधून येत होता. पण सूर माझ्या हातात होता. विहिरीत सोडलेला दोर असतो तसा, ताणलेला, जड.

एकवीस सेकंद. तिने सूर परत घ्यायला ओठ उघडले.

सोड, मामा म्हणाला असता.

मी सोडला नाही.

तिने पुन्हा ओठ उघडले. तिचा हात गळ्याशी गेला. मी सूर हवा तसा फिरवला, वर नेला, खाली आणला.

तिने समोरच्या लोकांकडे पाहिलं.

मग ती हसली, आणि माझ्या आवाजावर ओठ हलवू लागली.

लोक उभे राहिले.

तिच्यासाठी.

नंतर

मामाने सकाळीच फोन केला. "पोरीचा आवाज बघितलास? आता तिला मागची पण लागत नाय."

दुपारी अनुष्काचा फोन आला. नुसता श्वास, आत, बाहेर, घाईघाईने, दोघींना पुरेल इतका.

मी फोन ठेवला आणि कामाला लागले.

"मॅडम," मुरारी म्हणाला, "दार उघडंच हाय बॅलन्सचं."

खरंच उघडं होतं. मी पार वाकून, तोंड आत घालून उभी होते. कधीपासून, ते आठवेना.

शेवटचा आकडा हलत नव्हता.

तीनदा मोजलं.