अडकलेलं पाळीपत्रक

सुलक्षणाताईंनी दौंडातल्या आपल्या तपास कचेरीचं दार उघडलं, तेव्हा पायरीवर एक मुलगी बसली होती. १९९९ सालचा मार्च महिना होता.

“मी हर्षदा कोळेकर. मांडवगण फराट्याच्या घोडाई पाणीवापर संस्थेत कॉम्प्युटरवर असते. ताई, चार दिवस झालं पाळीपत्रक छापून निघत न्हाई. ‘मेमरी अपुरी’ असं येतं आन् थांबतं. चेअरमन म्हणतात, मीच बिघडवलं. आज पाचपर्यंत फलकावर लागलं न्हाई तर मला काढून टाकणार.”

कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी जाणार, याची ती यादी. दीड हजार शेतकरी, तीस पानं.

“मशीन दमलं असंल,” हौसरावमामा म्हणाले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले ताईंचे हे मामा भाचीबरोबर प्रत्येक तपासाला जात.

“रांजणगावहून मेकॅनिक आणला, मामा. मेमरी दुप्पट केली. तरी तेच. बाकीची पत्रं झटक्यात निघतात.”

“यादीतलं काही गेलंय?” ताईंनी विचारलं.

“एक नावसुद्धा न्हाई.”

तासाभरात तिघं मांडवगणला पोचली. चेअरमन सत्यजीतराव दारातच म्हणाले, “बापानं मेंढरं राखली, हिला कॉम्प्युटर राखाय दिला. चूक माझीच.”

“बाप तीनशे मेंढरं राखतो,” हर्षदा म्हणाली, “एक हरवत न्हाई.”

पंप चालवणारा माऊली आधीच घाबरला होता. “दुपारी मी कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो, ते कबूल. पण यादी उघडायला येत न्हाई मला.”

जुने दप्तरी ज्ञानूआबा मात्र खुशीत होते. कपाटात त्यांच्या हातच्या चाळीस वर्षांच्या वह्या होत्या. ताईंनी एक उघडली. पहिल्या पानावर ‘श्री’. निम्मी वही कोरी, पण शेवटच्या पानावर पुन्हा ‘श्री’.

“अक्षर सुरेख आहे, आबा.”

“आता मशीनबी शिकतोय. ह्या पोरीनं दाखवलं. दोन कळा दाबल्या की थेट तळाला! केवढा खोल कागद हाय, ताई!”

ताईंनी हर्षदाला छपाईआधीचा नमुना पडद्यावर काढायला लावला. खालच्या कोपऱ्यात आकडे होते : पान १, एकूण १३११.

ताईंनी सगळ्यांना कॉम्प्युटरभोवती बोलावलं.

“मेमरी कमी नव्हती. कागद लांबला होता.”

“कागद लांबतो व्हय?” मामा म्हणाले.

“यादी तीस पानांची, मशीन मोजतंय तेराशे अकरा. शेवटचं अक्षर जिथं असेल तिथवर सगळं छापायचं, असं ते धरतं. मधली कोरी पानंसुद्धा. एवढं एकदम पोटात घेताना त्याला धाप लागते. म्हणजे तळाशी कुणीतरी काहीतरी लिहिलंय. ज्याला वाईट करायचं, त्यानं नावं पुसली असती. एकही गेलं नाही. माऊलीला यादी उघडता येत नाही. तळ हर्षदाला ठाऊक, आणि तिनं शिकवलेल्या एका माणसाला. त्या माणसाला शेवटचं पान कोरं ठेवणं जमत नाही.”

त्यांनी दोन कळा दाबल्या. पासष्ट हजाराव्या ओळीच्याही खाली, अगदी शेवटच्या ओळीत, एकच अक्षर होतं : श्री.

ज्ञानूआबांनी टोपी काढली. “माझ्या हातनं झालं. वहीचं शेवटचं पान उघडं टाकवंना. पोरी, शिव्या तू खाल्ल्यास.”

“तुम्हाला कळा मीच दाखवल्या होत्या, आबा.”

तिनं ती ओळ काढली, फाइल सेव्ह केली, छापायची हद्द नेमून दिली. प्रिंटर खरखरला आणि न थांबता तीस पानं बाहेर आली.

चार वाजले होते. आबांनी शेवटचं पान तिच्यासमोर सरकवलं. “हितं मी सही करायचो. यादी तुझी. तू कर.”

तिनं सावकाश पूर्ण नाव लिहिलं : हर्षदा बन्सी कोळेकर.

सत्यजीतराव पानं घेऊन स्वतः फलकापाशी गेले. शेवटच्या पानाला टाचणी लावताना त्यांचा हात सहीवर आला. ते थांबले, आणि नाव झाकू नये म्हणून त्यांनी टाचणी दोन बोटं बाजूला लावली.